कंदिलाची काच आणि मोटारीचा धूर

श्रोतेहो, मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मोटारीच्या धुराविषयी बोलण्याचा या माणसाला काय अधिकार, असे आपल्यापैकी कुणाच्या मनात आले तर त्यात चूक काही नाही. अधिकार एवढाच, की माझ्याजवळ एक जुनी होत चाललेली डिझेल मोटार आहे, आणि तिने मला जो धडा शिकवला तो चार लोकांच्या उपयोगी पडण्यासारखा आहे. आज खेड्यापाड्यांतून जीप, पिकअप, ट्रॅक्टर ही वाहने घरोघर झाली आहेत. तेव्हा हा धडा माझ्या एकट्याचा नव्हे.

प्रथम एक घरगुती गोष्ट आठवा. वीज गेली, कंदील लावला, आणि उजेड जास्त पडावा म्हणून पोराने वात भसकन वर केली. काय होते? घटकाभरात काच काळी होते. मग घरातली जाणती बाई काय करते? ती काच पुसते. पण त्याआधी वात खाली घेते, कातरून सारखी करते. काच काळी झाली म्हणून ती काढून उकिरड्यावर टाकावी, असे काही तिच्या मनात येत नाही. कारण काच काढली तरी काजळी थांबत नाही. ती घरभर होते. ही गोष्ट लक्षात असू द्या. तिचे काम पुढे पडणार आहे.

आता डिझेल इंजिनाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने आपले इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि पुढे विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनाचा आवाज घुमू लागला. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक कसे तापते, ते आपण हाताने अनुभवले असेल. तसेच येथे हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते. पण फवारा क्षणार्धात मारायचा, क्षणार्धात जाळायचा. त्यात हवा आणि डिझेल सगळीकडे सारखे मिसळत नाही. जेथे हवा कमी पडते तेथे डिझेल अर्धवट जळते, आणि काजळी होते. जेथे उष्णता फार होते तेथे हवेतलाच नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावून विषारी वायू होतो. अशी ही दोन दुखणी. गंमत अशी की एकावर औषध दिले तर दुसरे बळावते. आच कमी केली तर विषारी वायू घटतो, पण काजळी वाढते. आच वाढवली तर उलट. म्हणून आजच्या गाडीत दोन निरनिराळे बंदोबस्त करावे लागतात.

पहिला बंदोबस्त म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ईजीआर म्हणतात तो व्हॉल्व्ह. बाहेर जाणाऱ्या धुराचा थोडा भाग तो पुन्हा इंजिनात सोडतो. या धुरात प्राणवायू कमी असल्यामुळे आतली आच मंदावते आणि नायट्रोजनचा विषारी वायू कमी होतो. दुसरा बंदोबस्त म्हणजे काजळीची गाळणी. गॅरेजच्या भाषेत डीपीएफ. मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरे असलेला हा चिनी मातीसारख्या पदार्थाचा ठोकळा असतो. एक घर या टोकाला बुजवलेले, तर शेजारचे त्या टोकाला. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून पाझरूनच पलीकडे जावे लागते. वायू जातो, काजळी भिंतीवर राहते.

आपल्या देशात भारत स्टेज चार हे धुराचे नियम एप्रिल २०१७ पासून सर्वत्र लागू झाले, आणि पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून एकदम सहावी आली. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे किती काजळी सोडावी याची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. त्याबरोबर डिझेलमधला गंधकही दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणला गेला. ही काजळीची मर्यादा पाळण्यासाठीच गाळणी आली. त्याआधीच्या बहुतेक लहान गाड्यांत ती नसते. ईजीआर मात्र असतो.

आता कुणी विचारील, गाळणी आहे तर ती भरणार नाही का? भरते तर! आणि भरली की गाडी ती स्वतःच जाळून साफ करते. काजळी म्हणजे शेवटी कोळसाच. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या आचेत ती जळून जाते. गाळणी ठरावीक प्रमाणात भरली की इंजिनाचा गणकयंत्री मेंदू थोडे डिझेल मुद्दाम उशिरा फवारतो. त्याने धूर तापतो, गाळणी तापते, आणि पंधरा-वीस मिनिटांत काजळी भस्म होते. मात्र तोवर गाडी चालती हवी, इंजिन गरम हवे. टाकी अगदी तळाला गेली असेल तर बऱ्याच गाड्या हे काम सुरूच करीत नाहीत.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. जुना स्टीलचा चमचा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत धरा. काळा थर बसेल. हीच आपली काजळी. मग तोच चमचा गॅसच्या निळ्या ज्योतीत चांगला लाल होईपर्यंत धरा. थर पाहता पाहता नाहीसा होईल. हेच गाळणीचे साफ होणे. चमचा मुलांच्या हाती मात्र देऊ नये, आणि पुरता निवेपर्यंत बाजूला ठेवावा.

हे झाले तत्त्व. आता माझी कथा ऐका.

माझी गाडी २०२० च्या अखेरीस निघालेली. मी ती तीन वर्षांनी एका नातेवाइकाकडून घेतली. घर ते महाविद्यालय चार किलोमीटर. तेवढेच रोजचे जाणे-येणे. इंजिन जेमतेम कोमट होते न होते तोच मी ते बंद करी. म्हणजे गाळणी जाळायचे काम सुरू व्हायचे आणि अर्ध्यावर मोडायचे. एके दिवशी समोर पिवळा दिवा लागला. मी तो पाहिला, आणि आपण सारे करतो तेच केले: दुर्लक्ष. पंधरा दिवसांनी दुसरा दिवा लागला आणि गाडीची ताकदच गेली. चढावर बैलगाडीने मागे टाकावे अशी अवस्था!

गावातच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. त्याने संगणक लावून पाहिले आणि म्हणाला, "सर, गाळणी चोक झालीय. नवी टाकायची तर खर्च लाखाच्या घरात जाईल. त्यापेक्षा आतला ठोकळा काढून टाकतो, मेंदूत थोडा फरक करून देतो. थोडक्यात काम. सगळेच करतात."

खरे सांगतो, माझे मन डळमळले. प्राध्यापकाच्या घरातही लाख रुपये काही कोनाड्यात ठेवलेले नसतात. मुलीची फी भरायची होती. मी होकार देणारच होतो; सहज म्हणून विचारले, "अरे, मग ती काजळी जाते कुठे?"

तो हसून म्हणाला, "मागं जाते, सर. आपल्याला कुठं दिसते?"

गॅरेजच्या समोर रस्त्यापलीकडे जिल्हा परिषदेची शाळा आहे. सुट्टी झाली होती आणि पोरे कडेकडेने चालली होती. आपल्याला दिसत नाही, ती कुणाला दिसते, हे मला तेथे उभ्या उभ्या कळले. मी म्हणालो, "आज राहू दे. आणखी कुणाला दाखवता येईल का?" त्याला राग आला नाही. उलट म्हणाला, "आमचे उस्ताद आहेत, एसटी स्टँडच्या मागं. त्यांच्याकडंच शिकलो मी. दाखवा त्यांना."

हे उस्ताद साठीच्या पुढचे. त्यांनी संगणकाचा कागद पाहिला, पण प्रश्न वेगळाच विचारला. "सर, गाळणी भरली हे खरं. पण एवढी काजळी करतंय कोण? ते आधी बघू." श्रोतेहो, कंदिलाची वातच त्यांनी धरली!

त्यांनी इंजिनावरचे झाकण काढले. टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी नळीला पट्टीजवळ बोटभर चीर पडली होती आणि सांध्याभोवती तेलाचा ओलावा होता. इंजिनाला मिळायची हवा वाटेतच निसटत होती. हवा कमी म्हणजे काजळी जास्त. ईजीआर उघडला तर त्यात डांबरासारखा थर. व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच अडकलेला. धुरातली काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ यांचे हे मिश्रण वर्षानुवर्षे साचते. व्हॉल्व्ह उघडा राहिला की धूर प्रमाणाबाहेर आत येतो, हवेची जागा अडवतो, आणि पुन्हा काजळी वाढते. म्हणजे गाळणी हा रोगी नव्हताच. तो बिचारा निरोप्या होता, आणि आम्ही निरोप्यालाच मारायला निघालो होतो.

नळी बदलली, ईजीआर धुतला, मग गाडी उभी ठेवूनच संगणकाच्या आज्ञेने गाळणी जाळून घेतली, आणि शेवटी इंजिनाचे तेल बदलले. तेल बदलायचे कारणही समजून घ्या. गाळणी तापवण्यासाठी जे डिझेल उशिरा फवारले जाते, त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरते. हे काम वारंवार अर्ध्यावर मोडले, की तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढते. तेलकाडीवर तेल वरच्या खुणेच्या वर दिसले तर आनंद मानू नका. ते तेल पातळ झाले आहे आणि इंजिनाचे बेअरिंग खाईल. माझा सारा खर्च नव्या गाळणीच्या दहाव्या हिश्शातच झाला.

या अनुभवातून तपासाचा जो क्रम हाती आला तो सांगतो. कागदावर उतरवून घ्यावा.

पहिले, पिवळा दिवा नुसता लागला असेल तर टाकीत पुरेसे डिझेल घालून मोकळ्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटे सारख्या वेगाने गाडी चालवावी. बहुधा दिवा विझतो. पण दिवा उघडझाप करीत असेल, किंवा दुसरा दिवा लागून ताकद गेली असेल, तर रेटू नये, कारागिराकडे जावे.

दुसरे, संगणकात उमटलेला दोष वाचून लिहून घ्यावा. नुसता पुसून दिवा विझवणे म्हणजे ताप मोजायचा थर्मामीटर फोडणे.

तिसरे, स्वस्त वस्तू आधी पाहाव्यात. हवेची चाळणी. टर्बोच्या नळ्या. गाळणीच्या दोन बाजूंचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक रबरी नळ्या. या तडकल्या तर गाळणी मोकळी असूनही भरल्याचा खोटा निरोप जातो. तसाच थर्मोस्टॅट, तो उघडा अडकला तर इंजिन पुरते तापतच नाही, आणि जळण्याचे काम सुरूच होत नाही.

चौथे, ईजीआर आणि इंजेक्टर. गळका इंजेक्टर म्हणजे वर केलेली वात.

पाचवे, या सगळ्यानंतर गाळणी. तीही आधी जाळून, मग काढून धुऊन पाहावी. येथे एक भेद आहे. काजळी जळते, पण इंजिनतेल जळून उरलेली राख जळत नाही. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तशी. म्हणून गाळणीच्या गाडीला कमी राखेचे, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल घालावे. लाख-सव्वा लाख किलोमीटरनंतर राख साचून गाळणी काढून धुवावी लागली, तर त्यात कंपनीने फसवले असे समजू नये. ते म्हातारपण आहे.

खेड्यातल्या बांधवांना दोन विशेष इशारे. गाळणी जळत असताना इंजिनाचा फेरा थोडा वाढतो, गाडी बंद केली तरी पंखा फिरत राहतो, आणि तापल्याचा वास येतो. अशा वेळी उसाच्या पाचटावर, कडब्याजवळ किंवा वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. खालची नळी पेट घेण्याइतकी तापलेली असते. दुसरा इशारा युरियाचा. मोठ्या गाड्यांत, ट्रकांत आणि काही नव्या मोटारींत एक निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तीत साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी असे द्रावण घालतात. धुराच्या उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि तो नायट्रोजनच्या विषारी वायूचा साधा नायट्रोजन व पाणी करतो. हे ऐकून कुणी शेतातले पोते फोडून विहिरीच्या पाण्यात कालवील, तर आताच थांबा! आपल्या देशात तयार होणारा शेतीचा युरिया २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा थर देऊनच येतो. शिवाय विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. त्याने फवाऱ्याचे तोंड बुजते आणि पुढचे महागडे यंत्र कायमचे निकामी होते.

ज्यांची गाडी २०२० पूर्वीची आहे आणि जिला गाळणीच नाही, त्यांच्यासाठी धूर हाच दिवा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिनतेल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत शिरत असेल. आणि २०२० नंतरची गाडी जुनी विकत घेत असाल तर एक सोपी परीक्षा करा: इंजिन थंड असताना धुराच्या नळीच्या आत बोट फिरवा. धड गाळणीच्या गाडीत बोट जवळजवळ स्वच्छ निघते. बोट काळेकुट्ट झाले, तर गाळणी तडकली आहे किंवा कुणी आधीच काढली आहे.

आता मुख्य प्रश्न: काढली तर बिघडले काय? एक तर कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाने मालकाला गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मनाई आहे. आणि धुराचे नियम मोडल्यास १९० व्या कलमाखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुणी म्हणेल, "पीयूसी तर मिळते की!" मिळेलही. आपली डिझेलची चाचणी धुराचा काळेपणा मोजते. फार बारीक कण तिच्या नजरेतून सुटू शकतात. म्हणूनच नेदरलंड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून गाड्यांच्या तपासणीत कणांची संख्याच मोजायला सुरवात केली. तेथे गाळणी काढलेली गाडी पकडली जाते.

पण कायद्याहून मोठी गोष्ट शरीराची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. डिझेलच्या काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान. नाकातले केस त्यांना अडवीत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. तंबाखू ओढणारा निदान आपल्या हाताने ओढतो. रस्त्याच्या कडेने शाळेत जाणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही.

गाडी जुनी होणे हा काही दोष नव्हे. आपली माणसे बैलजोडीला आणि मोटेच्या चाकाला वर्षानुवर्षे सांभाळीत आली; वंगण कधी घालायचे, कुरकुर कुठून येते, हे त्यांना कळत असे. तेच कान मोटारीला लावायचे. मी आता दर रविवारी गाडी मोठ्या रस्त्याने अर्धा तास फिरवून आणतो, आणि जवळच्या कामाला सायकल काढतो. आठ महिने झाले, दिवा लागलेला नाही.

परवा त्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, एक पिकअपवाले आलेत. गाळणी काढून टाक म्हणतात. मी म्हटलं, आधी नळ्या बघू." मी विचारले, "मग? सापडलं काही?" तो म्हणाला, "दाबाच्या सेन्सरची नळी तडकलीय, सर. गाळणी मोकळीच आहे."